छत्रीवाल्या राजाची बाजू

फ्रान्सला एकूण चारच राजे होऊन गेले असा माझा कितीतरी वर्षं समज होता, आणि त्याला कारणीभूत आमचे मुनीर सर. फ्रेंच नावं आमच्या जिभेला झेपत नसत. त्यात त्या राजांना एकच नाव पुन्हापुन्हा ठेवायची खोड, म्हणजे नुसते आकडे मोजत बसा. सरांनी पहिल्याच तासाला फळा पुसला आणि म्हणाले, "नावं परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठ करा. तोवर यांना आपण आपल्या रीतीनं ओळखू." मग त्यांनी खडूनं चार शब्द लिहिले: मानेवाला, सनदवाला, हट्टी, छत्रीवाला. मानेवाला म्हणजे ज्यानं राज्यघटनेवर सही केली, मग रातोरात पळायला निघाला, पकडला गेला आणि शेवटी ज्याची मान गेली तो. सनदवाला त्याचा भाऊ. परदेशातून परत आला, पाय सुजलेले, शहाणा माणूस. गादीवर बसताना त्यानं लोकांना हक्कांची सनद दिली. हट्टी हा तिसरा भाऊ. त्यानं ती सनद मोडायला काढली आणि तीन दिवसांत गादी गमावली. आणि छत्रीवाला त्यांचा दूरचा चुलतभाऊ, जो मुकुटाऐवजी काखेत छत्री घेऊन रस्त्यानं चालायचा आणि भेटेल त्याच्याशी हात मिळवायचा. पुढं मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. मुलांना आधी मान कापलेली सांगायची आणि मग एकदम सम्राट होऊन बसलेला सेनापती सांगायचा, असा माझा क्रम होता. पुढचे तिघं मी कधी शिकवलेच नाहीत. अभ्यासक्रमात वेळ नाही असं म्हणत असे. वेळ होता.

सर राजेशाहीचे भक्त होते असं पुढं म्हटलं गेलं, म्हणून आधीच सांगते की ते तसे नव्हते. त्यांना राजांचं कौतुक नव्हतं, त्यांना कौतुक होतं ते राजाच्या आणि गर्दीच्या मधे उभ्या राहिलेल्या लोकांचं. फ्रान्समधे असे काही वकील, प्राध्यापक, जमीनदार होते की ज्यांना राजाही हवा होता आणि राज्यघटनाही. राजानं गादीवर बसावं, पण कारभार लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांनी करावा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यातही भांडणं. सनद ही राजानं खुशीनं दिलेली भेट, की लोकांचा मुळातलाच हक्क? भेट असेल तर तो परत घेऊ शकतो, हक्क असेल तर तो कोण देणारा? राजाला कायदा अडवून धरायची मुभा असावी का? राज्य न करणारा राजा म्हणजे रिकामी खुर्ची, असं एक म्हणायचा. खुर्ची भरलेली आहे एवढ्यानंच इतर लोक तिच्यासाठी मारामाऱ्या करत नाहीत, असं दुसरा म्हणायचा. सर हे सगळं असं सांगायचे की जणू ती माणसं आमच्याच शहरातल्या शहागंजात राहत होती आणि काल संध्याकाळीच त्यांना भेटली होती. "राजाला मारणं सोपं आहे," ते म्हणायचे, "राजाला सवय लावणं अवघड. आणि ही माणसं ते अवघड काम करायला निघाली होती. दोन्हीकडून मार खाल्ला बिचाऱ्यांनी." वर्गात चाळीस मुलं आणि आम्ही तीन मुली. एवढ्यांत त्यांचं म्हणणं कुणाला नीट कळत असेल तर ते मला कळत होतं. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, पुढच्या गोष्टीसाठी ते लिहिणं भाग आहे.

आमचं बिऱ्हाड तेव्हा औरंगपुऱ्यात होतं. तीन खोल्या, मागं न्हाणी. मूळ गाव चिकलठाण्याच्या पुढं, जालन्याच्या रस्त्याला. शेती वाट्यानं लावून अण्णा आम्हाला घेऊन शहरात आले ते पोलीस अ‍ॅक्शननंतर, म्हणजे भारताच्या फौजेनं निजामाचं राज्य घेतल्यावर. आज त्या रस्त्याला विमानतळ आहे आणि दोन्ही बाजूंना कारखाने. आम्ही मात्र बैलगाडीत चुलीची तवी मांडीवर घेऊन आलो होतो. अण्णा निजामाच्या विरोधातल्या चळवळीत हर्सूलच्या तुरुंगात राहून आलेले. त्यांचा धाकटा भाऊ, माझे बापूकाका, तुरुंगात गेलेच नाहीत. रझाकारांनी त्यांना गावच्या वेशीत भरदुपारी मारलं. त्यांची बायको, माझी काकू, माझ्याहून जेमतेम नऊ-दहा वर्षांनी मोठी. मूलबाळ नाही. ती आमच्याबरोबर शहरात आली आणि तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पहाटे आधी तिच्या जात्याचा आवाज यायचा आणि मग भाकरी थापल्याचा. येसराची आमटी तिच्यासारखी मायलाही जमली नाही. ती बोलायची कमी. पण मला कॉलेजात घालायचं की नाही यावर घरात आठ दिवस काथ्याकूट चालला होता, तेव्हा तीच परातीवरून मान वर करून म्हणाली होती, "शिकू द्या पोरीला. शिकली असती तं मी बी आज कुणाच्या दारात बसले नसते." अण्णा म्हणाले, "व्हय, पण एक जरी बोल लागला तर त्याच दिवशी घरी." त्या एका अटीवर मी कॉलेजात गेले होते.

आता त्या कागदाची गोष्ट. माझी पहिली शाळा उर्दूतून झाली. निजामाच्या राज्यात दुसरं होतंच काय? मराठी घरात बोलायची, अक्षरं मात्र हात उजवीकडून डावीकडं धावत काढायची. पोलीस अ‍ॅक्शननंतर शाळा मराठी झाली, आणि अण्णांनी एके दिवशी माझी जुनी वही उचलून मायकडं बंबात घालायला दिली. "ही अक्षरं आता पुरे," एवढंच म्हणाले. मी नागरी गिरवली. पण हाताला लागलेली सवय अशी सुटत नाही. सर भरभर बोलायचे आणि मी त्यांचं मराठी बोलणं उर्दू अक्षरांत उतरून घ्यायची. घरी आलं की नागरीत पुन्हा लिहून काढायची आणि उर्दू कागद चुलीत. माझ्या पिढीत असे बरेच होते, मराठी उर्दू अक्षरांत लिहिणारे. पण पोरी नव्हत्या, आणि आमच्या घरात तर हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. सरांना मात्र ठाऊक होतं. तेही त्यांची मराठी टिपणं तशीच काढायचे. जन्मभर उर्दूत शिकवलेला माणूस, चाळिशीनंतर मराठीतून शिकवायला बसला होता. कधी शब्द अडला की भर वर्गात मला विचारायचे, "याला मराठीत काय म्हणाल तुम्ही?" आम्हा पोरांना ते अहोजाहो करायचे. तसा मान मला घरी कुणी देत नव्हतं.

स्नेहसंमेलनात वादविवाद ठेवला होता. विषय सरांचाच: फ्रान्सचं भलं घटनेत बांधलेल्या राजातच होतं. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या आणि मला निघाली राजाची बाजू. मैत्रिणी हसल्या, "अगं, अण्णांना काय सांगशील?" अण्णांना मी विषय फ्रान्सचा आहे एवढंच सांगितलं. त्यांना आनंदच झाला. व्यवस्थापनानं त्यांना पाहुणे म्हणून पुढच्या रांगेत बोलावलं होतं, लेक व्यासपीठावर बोलणार होती. भाषणाच्या तयारीसाठी मी दोनदा सरांच्या घरी गेले. हिमरू कापड विणणाऱ्या मागांची गल्ली होती ती, बोलताना भिंतीपलीकडून सारखी खटखट ऐकू यायची. सरांच्या बेगम दाराआडून चहा पुढं करत, "पी ले बेटी, सरदी है," आणि मी तो प्यायची, आणि घरी येऊन प्याले नाही म्हणायची. सरांनी मुद्दे सांगितले, पण भाषण लिहून द्यायला साफ नकार दिला. "शब्द तुमचेच पाहिजेत. नाहीतर माझंच भाषण तुमच्या तोंडून ऐकण्यात मला काय मजा?"

मुद्दे चोख होते. छत्रीवाल्याला घालवून फ्रान्सला काय मिळालं? चार वर्षं प्रजासत्ताक आणि मग सम्राट. राजाला बांधून ठेवला असता तर सम्राटाला जागाच उरली नसती. हे एवढं बोलून मी खाली बसले असते तर बक्षीस मिळालं असतं आणि हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण आदल्या दिवशी दुपारी कागद पुरा करताना मला वाटलं, शेवट जरा फडकता पाहिजे. टाळ्या पडल्या पाहिजेत. तेव्हा निजाम आपल्या राज्याचा राजप्रमुख होता. नव्या घटनेनंच त्याला तिथं बसवलं होतं, तो सह्या करायचा आणि कारभार मंत्री करायचे. आणि माझ्या डोक्यात वीज चमकली की अरे, फ्रान्सच्या त्या मधल्या लोकांना जे हवं होतं ते तर आमच्याकडं झालंय! मी झरझर, सवयीच्या उर्दू अक्षरांतच, लिहिलं: "फ्रान्सला साठ वर्षं रक्त सांडून जे जमलं नाही, ते आपल्या हैदराबादनं एकाचीही मान न जाता करून दाखवलं. राजा गादीवर आणि राज्य लोकांच्या हाती." दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं. कानाला फार गोड लागलं. आत काकू शेंगदाणे भाजत होती, त्याचा वास येत होता. एकाचीही मान न जाता! ते शब्द मी तिच्यापासून दहा हातांवर बसून लिहिले, आणि मला काही म्हणजे काही आठवलं नाही. आज मला लोक म्हणतात, तेव्हा तुम्ही लहान होता. एकोणीस वर्षांची बाई लहान नसते.

भाषण छान झालं. हातात तोच उर्दू कागद, नागरीत उतरवायला वेळ मिळाला नव्हता, पण बघावं लागलं नाही. शेवटच्या वाक्याला मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या, आणि त्याच वेळी मला दिसलं की पुढची रांग हललेली नाही. मग एक म्हातारे गृहस्थ उठले. तेही तुरुंगात होते. ते ओरडले, "कुणी शिकवलं हे पोरीला?" पाठोपाठ गलका. अण्णांनी खुर्चीच्या पाठीवरची टोपी उचलली, डोक्यावर घातली आणि मधल्या वाटेनं बाहेर गेले. ते लंगडत चालायचे, त्यामुळं त्यांना बराच वेळ लागला. सगळ्यांनी ते जाणं पाहिलं. कॉलेजच्या चिटणीसांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. सर भिंतीशी उभे होते. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

घरी अण्णा मला टाळून मायला म्हणाले, "उद्या कॉलेजच्या कमिटीपुढं जायचंय. तिथं काय ते होईल. ही जर हिच्या अकलेनं बोलली असंल, तर परवा गावाकडची गाडी. अन् या वैशाखात उजवून टाकू." मला रात्रभर वाटत राहिलं की गाडी दारात येऊन उभी आहे.

कमिटीत तिघं जण, शिवाय प्रिन्सिपल आणि पाहुण्यांच्या खुर्चीत अण्णा. टेबलावर माझा कागद. अध्यक्षांनी तो उचलून सगळ्यांना दाखवला. त्या खोलीतल्या प्रत्येकाला उर्दू वाचता येत होतं, सगळे त्याच शाळांतून निघालेले. "अक्षरं उर्दू," अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे कागद कुणाचा ते उघडच आहे. तरी पोरीच्या तोंडून ऐकू. हे तुला मुनीर सरांनी लिहून दिलं का?" मला खरंच तोवर हे सुचलं नव्हतं. मी आत शिरले ती रडून माफी मागायची ठरवून. पण त्यांनीच सुटकेचं दार उघडून दिलं. मी अण्णांकडं पाहिलं. अण्णा म्हणाले, "भिऊ नको. खरं काय ते सांग." आणि त्यांच्या आवाजात मला आशा ऐकू आली. त्यांनाही तेच ऐकायचं होतं. ती अक्षरं माझी नसावीत, ते वाक्य माझं नसावं, लेक तेवढी त्यांची राहावी.

मी म्हणाले, "व्हय."

अण्णांनी डोळे मिटून श्वास सोडला. अध्यक्षांनी शिपायाला सरांना बोलवायला धाडलं. मला वाटलं होतं, मला आधी बाहेर जायला सांगतील. तसं कुणी सांगितलं नाही. सर आत आले, सगळ्यांना आदाब केला. अध्यक्षांनी कागद त्यांच्यापुढं सरकवला. "हा तुमचा?" सरांनी चष्मा लावून कागद वाचला. आधी वरवर पाहिला, मग शेवटाकडं आले आणि तिथं थांबले. माझं अक्षर त्यांना ठाऊक होतं. महिनोन् महिने त्यांनी ते पाहिलं होतं. त्यांनी अण्णांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी खाली फरशीकडं पाहत होते. सर म्हणाले, "जी. मीच लिहून दिलं. पोरीचा दोष नाही, तिनं फक्त वाचलं." प्रिन्सिपल पुटपुटले, "पण मुनीर, हे तर घटनेतच..." सरांचा राजीनामा त्याच टेबलावर लिहून घेतला. तो त्यांनी मराठीत लिहिला, नागरी अक्षरांत, सावकाश, आणि एक शब्द अडला तेव्हा मान वर केली. सवयीनं माझ्याकडं पाहिलं. मग स्वतःच काहीतरी लिहून टाकलं.

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेले. सामान बांधून होत आलं होतं, हैदराबादला बेगमच्या भावाकडं निघाले होते. मी उंबऱ्यातच रडायला लागले आणि म्हणाले, "सर, मी कमिटीला जाऊन खरं सांगते." खरं तर मी जाणार नव्हते. हे त्यांनाही कळलं असावं. "कशाला?" ते म्हणाले. "मला कुठं ना कुठं शिकवणी मिळेल. तुमचं कॉलेज सुटलं तर दुसरं मिळणार आहे का? हिशोब सरळ आहे." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तो असता तर मला सोपं गेलं असतं. मग ते पुस्तकांची पेटी दोरीनं आवळत म्हणाले, "एकच विचारायचं होतं. ते वाक्य लिहिताना तुम्हाला कुणी आठवलं नाही?" मी म्हणाले, "नाही, सर." ते म्हणाले, "मला वाचताना आठवलं. माझा धाकटा भाऊ बीडकडं मदरशात शिकवायचा. भारताची फौज आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात गाववाल्यांनीच... त्याचा रझाकारांशी काही संबंध नव्हता." गाठ मारून झाली. "तुमच्याही घरातलं कुणी गेलंय असं ऐकलं होतं मी. म्हणून विचारलं." आतून बेगमनी चहा पाठवला नाही. त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी नवऱ्यासारखं मला माफ केलं नव्हतं. मी त्यांना त्याबद्दल आजही मानते.

हे मी बजाजनगरात मुलाच्या फ्लॅटमधे बसून लिहिते आहे. खाली वाळूजच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या शिफ्टच्या बसेस येतात, पोरं डबे घेऊन चढतात. नात परवा विचारत होती, आजी, तू कॉलेजात भाषणं करायचीस म्हणे? मी म्हणाले, एकदाच केलं. फ्रान्सच्या राजांनी चुका केल्या आणि त्यांच्या गाद्या गेल्या. मी केली आणि मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली, निरोप समारंभात शाल आणि नारळ मिळाला. सरांचा पत्ता मी शोधला नाही. हैदराबाद काही चंद्रावर नव्हतं.

त्या दिवशी त्यांच्या घरून मी परत आले तेव्हा काकू माझी वाट पाहत थांबली होती. भाषणातलं वाक्य तिच्या कानावर गेलंच होतं. औरंगपुऱ्यात अशी गोष्ट झाकून राहत नाही. तिनं ताट वाढलं, ताज्या भाकरीवर लोणी घातलं, माझ्यापुढं बसली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "ज्याचं कुणी मेलेलं नाय ना, त्यालाच असं लिहिता येतंय. त्या मास्तराला काय ठावं, घरचा माणूस जाणं म्हंजे काय? तू जेव. तुझा काय दोष त्यात?" मी जेवले. तिनं आणखी अर्धी भाकरी वाढली, तीही खाल्ली.

पुढं माझं लग्न झालं, अण्णा गेले, माय गेली, आणि काकूला मी माझ्या घरी घेऊन आले. माझी पोरं तिनंच वाढवली. कधी जुन्या गोष्टी निघाल्या की ती त्या मास्तराच्या नावानं बोटं मोडायची, आणि मी काही काम काढून आत जायची. तिचं शेवटचं दुखणं मीच काढलं. सगळे म्हणाले, पोटची पोर करणार नाही एवढं केलंस. ती माझ्याकडं पंचवीस वर्षं होती. खरं सांगायला मला पंचवीस वर्षं मिळाली होती.